पॅच वेगळा, आवृत्ती वेगळी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबवले. त्यामुळे त्या दिवशी एकही कॉम्प्युटर बंद पडला नाही. आदल्या दिवशी ज्या मशीनवर हिशेब होत होते, पत्रं टाइप होत होती, मुलं अभ्यास करत होती, तिथे दुसऱ्या दिवशीही सगळं तसंच चालू राहिलं. बदललं ते इतकंच, की यापुढे या सिस्टीममध्ये सुरक्षेची जी त्रुटी सापडेल ती सामान्य माणसाच्या मशीनवर आपोआप बुजवली जाणार नव्हती. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३मध्येच अंदाज मांडला होता, की या एका निर्णयापायी सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात निघू शकतात. ते बिघडले म्हणून नव्हे, तर विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे चढत नाही म्हणून.

हा विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरं कानावर येतात. एक, "चालतंय ना? मग हात लावू नका." दुसरं, "जुना झाला, नवा घ्या." पहिलं उत्तर धोक्याचं आहे, दुसरं अन्यायाचं. माझं म्हणणं असं आहे, की सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी आवृत्ती या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी त्यांची गाठ मारून ठेवली आहे आणि ती सुटली पाहिजे. नवी आवृत्ती कशी करायची, कोणत्या हार्डवेअरवर चालवायची, हे ठरवण्याचा हक्क कंपनीला आहेच. पण विकलेल्या मालात मुळातच राहिलेली चूक दुरुस्त करणं ही तिची जबाबदारी आहे आणि नवी आवृत्ती बाजारात आली म्हणून ती संपत नाही.

सुरक्षेची त्रुटी मशीन झिजल्याने तयार होत नाही. हार्ड डिस्क झिजते, पंख्यात धूळ साचते, लॅपटॉपची बॅटरी फुगते. हे सांभाळणं मालकाचं काम. कोडमधली चूक मात्र बहुतेक वेळा ते कोड लिहिलं गेलं त्या दिवसापासून तिथे असते, सापडते तेवढी उशिरा. मोटारीच्या ब्रेकमध्ये मुळातच खोट निघाली तर कंपनी गाड्या परत बोलावून त्या दुरुस्त करून देते. "नव्या मॉडेलमध्ये ही खोट नाही, ते घ्या" असं सांगून तिला हात झटकता येत नाहीत. सॉफ्टवेअरच्या धंद्यात मात्र नेमकं हेच उत्तर आपण वर्षानुवर्षं मुकाट्याने ऐकून घेतलं आहे.

आधी "हात लावू नका" म्हणणाऱ्यांशी बोलतो, कारण त्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांची भीती मला समजते. चालत्या मशीनवर नवी सिस्टीम टाकली आणि प्रिंटर ओळखेनासा झाला, स्कॅनर मुका झाला, जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर उघडेना, असं खरोखर घडतं. पण थांबून राहण्याचा धोका त्याहून मोठा आहे आणि तो वरून दिसत नाही. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच, म्हणजे अशा त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या, काढते. पॅच बाहेर पडला की हल्लेखोर जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधतात, म्हणजे मूळ चूक कुठे होती ते उमगतं. विंडोज १० आणि ११ यांचं बरंचसं कोड सामाईक आहे. त्यामुळे ११साठी निघालेल्या कित्येक पॅचमधून, १०वर अजून उघडी असलेली जागा कोणती, हेही त्यांना कळतं.

फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या सॉफ्टवेअरचा हल्ला या बाबतीत नीट पाहण्यासारखा आहे. १२ मे २०१७ रोजी तो सुरू झाला आणि काही दिवसांत सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटरवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. एकमेकांना फाइली पाठवण्याच्या विंडोजच्या एका जुन्या व्यवस्थेतली चूक त्यात वापरली होती. ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी दिलेला होता. तेव्हा सगळा ठपका विंडोज एक्सपी या फार जुन्या आवृत्तीवर ठेवला गेला, पण हल्ल्यात सापडलेली बहुसंख्य मशीन विंडोज ७ची होती. त्या सिस्टीमला त्या वेळी कंपनीचा आधार होता, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत होत्या. पॅच हाताशी होता, तो बसवलेला नव्हता. अपडेटचं बटण महिनोन्‌महिने पुढे ढकलणाऱ्यांनी ही तारखांची जोडी ध्यानात ठेवावी.

आणि याच हल्ल्याने दुसऱ्या उत्तराचीही पोलखोल केली. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला होता. तरी हल्ला सुरू होताच मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही पॅच सर्वांना खुला केला. तो इतक्या झटपट आला कुठून? स्वतंत्र करार करून पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी एक्सपीच्या दुरुस्त्या त्या काळातही चालूच होत्या. कंपनीने त्याच सर्वांपुढे ठेवल्या. त्याआधी २०१४मध्ये ब्रिटिश सरकारने अशा वाढीव आधारासाठी एका वर्षाचे सुमारे ५५ लाख पौंड मोजले होते. दुकानांतल्या बिलिंगच्या मशीनसाठी असलेली एक्सपीचीच एक भावंड आवृत्ती तर एप्रिल २०१९पर्यंत पॅच घेत राहिली.

विंडोज १०च्या बाबतीत हे आणखी उघड आहे. कारखान्यांतली यंत्रं, वैद्यकीय उपकरणं, एटीएमसारख्या ठिकाणी वापरली जाणारी विंडोज १०ची एक दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे. तिला १३ जानेवारी २०३२पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. म्हणजे विंडोज १०च्या गाभ्यातल्या चुका शोधणं, पॅच लिहिणं, ते तपासणं हे काम पुढची काही वर्षं होणारच आहे. सामान्य वापरणाऱ्याला "आता ते शक्य नाही" असं जे सांगितलं जातं, त्याचा खरा अर्थ "तयार आहे, पण तुम्हाला सरसकट देणार नाही" असा होतो.

किमतींकडे पाहिलं तरी हेच दिसतं. वाढीव मुदतीच्या पॅचसाठी कंपन्यांना पहिल्या वर्षी प्रत्येक मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढची दोन वर्षं दर वर्षी दुप्पट असा दर लावला गेला. शाळांना पहिल्या वर्षी तोच पॅच एका डॉलरला. घरगुती वापरणाऱ्याला एका वर्षासाठी ३० डॉलर, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरून सेटिंग्जचा बॅकअप ठेवला तर फुकट. युरोपीय आर्थिक क्षेत्रात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर बॅकअपची अटही काढावी लागली. एकच पॅच एका डॉलरलाही मिळतो आणि एकसष्ट डॉलरलाही, यावरून ही किंमत तो लिहिण्याच्या खर्चावरून ठरलेली नाही हे स्पष्ट आहे. शाळांना स्वस्तात दिला हे चांगलंच झालं. माझा आक्षेप त्याला नाही. माझा आक्षेप या समजुतीला आहे, की जुन्या मशीनला पॅच देणं ही कंपनीची मेहेरबानी आहे.

कंपनीची बाजूही खुल्या मनाने ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं, आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेचा, म्हणजे ढोबळमानाने २०१७-१८ नंतरचा असावा लागतो. टीपीएममुळे डिस्कच्या कुलपाची किल्ली डिस्कवर पडून राहत नाही. सिस्टीमच्या गाभ्यात शिरणारं प्रत्येक कोड वेगळ्या, बंदिस्त जागेत तपासून घेण्याची सोय नव्या प्रोसेसरवर वेग फारसा न घटवता चालते. जुन्यांवर तीच सोय चालू केली की मशीन रखडतं. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी जाहीर झाल्या तेव्हा चूक थेट प्रोसेसरच्या रचनेत असू शकते हेही जगाला दिसलं, आणि सॉफ्टवेअरने तिच्यावर पांघरूण घालायचं तर वेगाची किंमत मोजावी लागते हेही. शिवाय दर महिन्याला प्रत्येक पॅच पंधरा-पंधरा वर्षं जुन्या असंख्य मशीनच्या जोडण्यांवर तपासणं हे ओझं आहेच. मी हे सगळं मान्य करतो.

पण यातून निष्कर्ष कोणता निघतो? विंडोज ११ फक्त नव्या हार्डवेअरवर द्यावी, इतकाच. विंडोज १०ची दुरुस्ती थांबवावी, हा निष्कर्ष यातून निघत नाही. उलट ज्या मशीनमध्ये संरक्षणाच्या चिप नाहीत, त्यांना पॅचची गरज जास्त. रेघ जिथे ओढली तिथेही सगळं काटेकोर नाही. जुलै २०१६च्या अखेरीपासून विंडोज १०च्या नव्या मशीनमध्ये टीपीएम २.० असणं मायक्रोसॉफ्टनेच बंधनकारक केलं होतं. म्हणजे त्या नियमाप्रमाणे बनलेली २०१६-१७ची कितीतरी मशीन चिप असूनही केवळ प्रोसेसरच्या यादीत नाव नाही म्हणून बाहेर राहिली. त्याच काळातल्या इंटेलच्या सातव्या पिढीतला एक प्रोसेसर मात्र यादीत आला, आणि तो कंपनीच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २मध्ये होता. ज्यांनी नियम पाळून मशीन घेतलं त्यांना हे खटकणारच.

आता ज्यांच्यासमोर असं मशीन आहे त्यांच्याबद्दल, कारण धोरण बदलेपर्यंत त्यांना थांबता येणार नाही. "विंडोज ११ चालणार नाही" हा संदेश आला की लगेच हात टेकू नयेत. पुष्कळ मशीनमध्ये टीपीएम प्रोसेसरमध्येच असतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बंद करून ठेवलेला. इंटेलच्या मशीनवर तो पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम या नावाने सापडतो. तो चालू केला की २०१८-१९ची बरीच मशीन सरळ पात्र ठरतात. सिक्युअर बूट चालू होत नसेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने विभागलेली असण्याचा संभव असतो. विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने ती फॉरमॅट न मारता बदलता येते. मात्र बायोसमधल्या एकाही सेटिंगला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहावं आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. बायोस बदलल्यावर मशीन सुरू होताना निळा पडदा ती की मागतो, आणि ती नसेल तर डिस्कवरचं सगळं असूनही हातचं जातं. बॅकअपचं वेगळं सांगायला नको. तोही दुसऱ्या डिस्कवर घ्यावा, त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर नव्हे.

दुसरी गोष्ट वेगाची. "कॉम्प्युटर जुना झाला, हँग होतो" ही तक्रार घेऊन येणारं मशीन मी उघडतो तेव्हा पहिल्यांदा टास्क मॅनेजरमधला डिस्कचा आकडा पाहतो. प्रोसेसर दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत आणि डिस्क शंभरावर चिकटलेली, असं चित्र दिसलं की दुखणं फिरत्या हार्ड डिस्कचं आहे हे नक्की. तिथे एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली आणि चार जीबीची रॅम आठ केली, की तेच मशीन लेखन, ब्राउझर, व्हिडिओ कॉल यांसाठी अनेक वर्षं सहज चालतं. हा अनुभव इतक्यांदा आला आहे, की नवा कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने आधी हे करून पाहावं असं मी आग्रहाने सांगतो. मशीन भंगारात काढण्याचा खर्च फक्त खिशाला बसत नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेला, असं संयुक्त राष्ट्रांशी संलग्न अहवालात नोंदवलेलं आहे. लॅपटॉपच्या आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तर तो बनतानाच झालेला असतो. तो वापरण्याची वर्षं वाढवणं हाच त्याची भरपाई करण्याचा सरळ उपाय.

अपात्र मशीनवर अट चुकवून विंडोज ११ टाकण्याच्या युक्त्या सर्वांना ठाऊक आहेत. रुफस या साधनाने बनवलेल्या पेनड्राइव्हवरून ते चुटकीसरशी होतं. स्वतःच्या, महत्त्वाचं काम नसलेल्या मशीनवर ज्याने त्याने करावं. दुसऱ्याच्या मशीनवर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा मशीनला अपडेट मिळत राहण्याची हमी नाही, असं कंपनीने लिहून ठेवलं आहे, आणि वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती बहुधा हातानेच चढवावी लागते. विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरला काही ठरावीक सूचना समजत नसतील तर सिस्टीम सुरूच होत नाही. ज्यांना यातलं काही कळत नाही, त्यांच्या गळ्यात आपण अशी सिस्टीम मारून निघून जाणं बरोबर नाही.

त्यांच्यासाठी लिनक्स, म्हणजे कोड खुलं असलेली दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, हा जास्त प्रामाणिक मार्ग आहे. तिच्या हलक्या प्रकारांपैकी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबंटू पेनड्राइव्हवर घ्यावी, डिस्कला हात न लावता तिथूनच सुरू करावी आणि वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर, झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर जागं होणं, हे सगळं अर्धा दिवस वापरून पाहावं. काही ब्रॉडकॉम चिपच्या वायफायला ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. ज्याचं काम ब्राउझर, पत्रं आणि साध्या स्प्रेडशीटवर भागतं, त्याला आठवड्याभरात सवय होते. पण ज्याचं पोट एखाद्या खास विंडोज सॉफ्टवेअरवर किंवा एक्सेलच्या जुन्या मॅक्रोंवर अवलंबून आहे, त्याला "लिनक्स टाका" असं सांगणं म्हणजे त्याची अडचण न ऐकणं. त्याने वाढीव मुदतीचे पॅच घ्यावेत आणि तेवढ्या वेळात पुढची सोय लावावी. लिनक्सही अनंतकाळ मागे वळून पाहत नाही: ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सच्या आवृत्तीने ३२ बिटच्या जुन्या कॉम्प्युटरवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. फरक असा, की तिथला निर्णय उघड चर्चेतून होतो आणि ज्याला ते काम पुढे चालवायचं आहे त्याच्यासाठी कोड खुलं असतं.

इतर कंपन्यांबद्दल थोडक्यात. ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरच्या सिस्टीमची टाहो ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर चालणारी शेवटची मुख्य आवृत्ती ठरली आहे. गुगलने मात्र सप्टेंबर २०२३मध्ये क्रोमबुक या आपल्या सिस्टीमवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या अपडेटची मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली, तीही ग्राहक हक्क संघटना मागे लागल्यावर. मागणी लावून धरली तर कंपन्या हलतात, हे यातून आणि युरोपातल्या विंडोज १०च्या प्रकरणातून दिसतं.

मग मागायचं काय? पहिली मागणी मुदत कधीपासून मोजायची याबद्दल. विंडोज १०ला दहा वर्षं आधार दिला, असं सांगितलं जातं आणि ते खरं आहे: २९ जुलै २०१५ ते १४ ऑक्टोबर २०२५. पण ज्याने २०२०मध्ये दुकानात ठेवलेला सातव्या पिढीचा लॅपटॉप घेतला त्याच्या वाट्याला पाचच वर्षं आली. खुद्द मायक्रोसॉफ्ट विंडोज १०चे परवाने आपल्या संकेतस्थळावरून ३१ जानेवारी २०२३पर्यंत विकत होती. मुदत पहिल्या विक्रीपासून नव्हे, शेवटच्या विक्रीपासून मोजली पाहिजे. युरोपीय संघाने स्मार्टफोन आणि टॅब्लेटसाठी हेच केलं आहे. २० जून २०२५पासून लागू झालेल्या नियमांनुसार मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतात. ११ डिसेंबर २०२७पासून पूर्णपणे लागू होणारा त्यांचा सायबर रेझिलियन्स कायदा सॉफ्टवेअरलाही सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षं सुरक्षेची दुरुस्ती देणं बंधनकारक करतो. फोनला पाच वर्षं कदाचित ठीक असतील. दहा-बारा वर्षं सहज चालणाऱ्या कॉम्प्युटरला ती अपुरी आहेत. आणि ही शेवटची तारीख विकत घेतानाच खोक्यावर, रॅम आणि डिस्कच्या आकड्यांशेजारी, छापलेली हवी.

दुसरी मागणी अशी, की जोवर कंपनी एखाद्या आवृत्तीचे पॅच कोणालाही विकत आहे तोवर ते त्याच आवृत्तीच्या घरगुती वापरणाऱ्यांना विनाअट मिळावेत. ते तयार असताना कोट्यवधी मशीन उघडी ठेवली, तर ती हल्लेखोरांच्या हाती जाऊन इतरांवरच्या हल्ल्यांसाठीही वापरली जातात. नुकसान फक्त मालकाचं होत नाही.

तिसरी गोष्ट फर्मवेअरची, म्हणजे बायोससारख्या मशीनमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. सिक्युअर बूट ज्या डिजिटल प्रमाणपत्रांच्या भरवशावर चालतं ती २०११ची आहेत आणि त्यांची मुदत जून २०२६पासून संपू लागते. लिनक्स सुरू करून देणारं बूटलोडरही याच प्रमाणपत्रांवर विसंबून असतं. मुदत संपली म्हणून मशीन बंद पडत नाही, पण नवी प्रमाणपत्रं पोचली नाहीत तर बूट प्रक्रियेतल्या पुढच्या त्रुटींची दुरुस्ती त्यावर बसत नाही. नवी प्रमाणपत्रं मुख्यतः येतात चालू आधार असलेल्या विंडोजमधून, आणि काही मशीनना त्याआधी मदरबोर्ड बनवणाऱ्याकडून बायोसचा अपडेट लागतो. सात-आठ वर्षं जुन्या मॉडेलसाठी असा अपडेट काढायला अनेक उत्पादक आता तयार नसतात. त्यामुळे कायदा लिहिताना जबाबदारी फक्त ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्यावर टाकून चालणार नाही. मशीन बनवणाऱ्यालाही तितकीच वर्षं बायोसचे पॅच द्यायला लावलं पाहिजे, आणि ज्याला ते जमणार नाही त्याने आपल्या प्रमाणपत्रांच्या जागी मालकाला स्वतःची प्रमाणपत्रं घालता येतील अशी सोय मशीन विकतानाच करून दिली पाहिजे.